'एक होता कार्व्हर' : पुन्हा वाचताना

वीणा गवाणकर यांचे 'एक होता कार्व्हर' हे चरित्र १९८१ साली प्रसिद्ध झाले, आणि तेव्हापासून ते बक्षीस म्हणून, वाढदिवसाची भेट म्हणून मराठी घरांतून फिरत आहे. मुळशी खोऱ्यातील एका कातकरी मुलीला आम्हीही ते दिले. मुलगी हुशार, पण तिचे कौतुक करणारा प्रत्येकजण 'कातकरी असून' हे दोन शब्द आधी उच्चारतो. पुस्तक वाचून तिने विचारले, "ह्याला राग कधी आलाच नाही का?" या प्रश्नामुळे ते आम्हांला पुन्हा वाचावे लागले.

गवाणकरांची भाषा साधी व जिव्हाळ्याची आहे. नापीक जमीन, भुईमूग, रताळी असा रुक्ष विषय त्या गोष्टीसारखा सांगतात, हे सामर्थ्य थोडके नव्हे. मात्र चरित्रनायकावरील भक्ती इतकी काठोकाठ आहे, की वर्णभेद हा केवळ ओलांडावयाचा अडथळा वाटू लागतो.

कार्व्हरच्या बाबतीत तो अडथळा नव्हता. त्या हवेतच तो वाढला. मिसुरीतील गुलाम आईचे हे मूल. १८७९ साली कॅन्ससमधील फोर्ट स्कॉट येथे जमावाने एका कृष्णवर्णीयास ठार केलेले पाहून त्याने ते गाव सोडले. हायलंडच्या महाविद्यालयाने पत्राने प्रवेश दिला. तो दारात येताच, रंग पाहून नाकारला. एम्सला गोऱ्या विद्यार्थ्यांच्या पंक्तीत त्याला जागा नव्हती. पुढे जानेवारी १९२१ मध्ये, भुईमुगावरील जकातीसंबंधी अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे तो बोलत असता एका सदस्याने कलिंगडाचा विषय काढून त्याला डिवचले. कृष्णवर्णीयांच्या टवाळीची ती ठरलेली रीत होती. कार्व्हरने शांतपणे उत्तर दिले, आणि मिळालेल्या दहा मिनिटांपेक्षा कितीतरी अधिक वेळ समितीला आपले ऐकावयास लावले.

ही नम्रता त्याचा गुण होती, तशीच ती त्याची ढालही असावी, असे आम्हांस वाटते. गोऱ्यांना निरुपद्रवी कार्व्हर सोयीचा होता. त्याच्याकडे बोट दाखवले की कायदे बदलण्याची गरज उरत नसे. स्वजनांपैकी काहींना तो फारच मवाळ वाटे. या दोन अपेक्षांमध्ये त्याचा स्वतःचा आवाज कोणता, हे चरित्राने विचारावयास हवे होते.

मराठी वाचकही यातून सुटत नाही. १९७२ साली दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील संतप्त कृष्णवर्णीयांकडून घेतले; घराघरांत मात्र हा शांत कृष्णवर्णीयच गेला. आमच्या चर्चमध्येही काही वेगळे नाही. १९६२ साली संतपदी पोहोचलेले लिमाचे मार्टिन दे पोरेस वैद्यकी जाणत, रोग्यांवर उपचार करीत. त्यांच्या चित्रांत मात्र हाती झाडू ठरलेला!

पुस्तक देताना त्या मुलीने कृतज्ञ व्हावे, अशी आमचीही अपेक्षा होती. तिने ते परत केले, आणि दुसरे मागितले. आम्ही बाबुराव बागुलांचे 'जेव्हा मी जात चोरली होती' दिले आहे. ते अद्याप परत आलेले नाही.