ब्रेआलचा चषक आणि संग्राहकाची दृष्टी

मिशेल ब्रेआल हे नाव भाषेच्या अभ्यासकांस परिचित आहे ते अर्थविज्ञानाचा एक आद्य प्रवर्तक म्हणून. शब्दार्थांच्या स्थित्यंतराची मीमांसा करणारा त्याचा फ्रेंच ग्रंथ १८९७ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या आदल्याच वर्षी अथेन्स येथे भरलेल्या पहिल्या अर्वाचीन ऑलिंपिक सामन्यांत मॅरॅथॉनची शर्यत घेण्यात आली ती या पंडिताच्या सूचनेवरून. विजेत्यासाठी चांदीचा एक चषकही त्यानेच देऊ केला होता. जेमतेम १५ सेंटिमीटर उंचीचा हा चषक १० एप्रिल १८९६ रोजी मारूसी गावच्या स्पिरिडॉन लुईसने जिंकला. शतकाहून अधिक काळ तो लुईसच्या घराण्यात राहिला, आणि १८ एप्रिल २०१२ रोजी लंडनच्या ख्रिस्टीज या लिलावगृहात ५,४१,२५० पौंडांस विकला गेला.

एवढे मोल कशाचे झाले? चांदीचे नव्हे, आणि कारागिरीचेही नव्हे. मोल झाले ते ‘हा लुईसचा’ या एका विधानाचे. ते विधान सिद्ध करणारा सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे वस्तूची हस्तांतरपरंपरा. प्रस्तुत चषक घराबाहेर गेलाच नव्हता, तो नातवाने विक्रीस काढला. त्यामुळे शंकेस जागा राहिली नाही. जुन्या पोथ्यांच्या अभ्यासकाला हा प्रकार नवा वाटू नये. पुष्पिकेत लेखकाचे नाव, शक व स्थळ असले की पोथी बोलू लागते. पुष्पिकेचे पान गळाले की तीच पोथी कोणत्या मठातून, कोणाच्या दप्तरातून आली याचा शोध घ्यावा लागतो.

ऑलिंपिकची जुनी पदके बहुधा अशी पुष्पिकाहीनच आहेत. १८९६ च्या पदकावर विजेत्याचे नाव नाही. १९२८ पासून तर कित्येक सामन्यांत पदकाचा साचा तोच राहिला. बदलले ते स्थळ व वर्ष. याचा परिणाम जेसी ओवेन्सच्या पदकाच्या बाबतीत स्पष्ट दिसतो. १९३६ साली बर्लिन येथे त्याने १०० मीटर, २०० मीटर, लांब उडी आणि सांघिक दौड अशा चार प्रकारांत सुवर्णपदके मिळविली. त्यांपैकी एक त्याने आपला स्नेही, प्रसिद्ध नर्तक बिल रॉबिन्सन यास दिले. तेच पदक २०१३ साली लिलावात १४,६६,५७४ डॉलरांस गेले. ते चारांपैकी कोणत्या विजयाचे, हे मात्र सांगता येत नाही. ज्या वस्तूचे मोल तिच्यामागील घटनेमुळे वाढले, ती घटनाच त्या वस्तूवरून निश्चित होऊ नये, ही विसंगती संग्राहकांना फारशी जाणवलेली दिसत नाही. (याच ओवेन्सवर पुढे चरितार्थासाठी घोड्यांशी शर्यती लावण्याची पाळी आली, ही गोष्ट त्या किंमतीच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे.)

संग्रहाच्या छंदाला येथे दोष द्यावयाचा नाही. सरकारी दफ्तरांनी जे जपले नाही असे पुष्कळसे साहित्य छांदिष्टांनीच वाचविले आहे. आक्षेप आहे तो त्यांच्या निवडीच्या कसोटीवर. छापील कार्यक्रमपत्रिका घ्यावी. कोरी, न दुमडलेली, डाग नसलेली प्रत बाजारात श्रेष्ठ ठरते. वस्तुतः एखाद्या प्रेक्षकाने मैदानात बसून पेन्सिलीने वेळा टिपलेल्या, गैरहजर धावपटूंची नावे खोडलेल्या प्रतीत ज्ञानाचा अंश अधिक असतो. अधिकृत निकाल बहुधा शेवट तेवढा सांगतो; प्राथमिक फेरीस कोण आलाच नाही, कोणता क्रम आयत्या वेळी बदलला, हे अशा समासातील खुणांवरून कळते. पोथीच्या समासातील टीप मळ म्हणून पुसून टाकणाऱ्या संपादकाला कोणी क्षमा करणार नाही. येथे मात्र तीच वृत्ती रसिकता म्हणून मिरवते. १८९६ मध्ये ग्रीसने काढलेल्या बारा टपाल-तिकिटांच्या संचाचेही असेच: न वापरलेल्या तिकिटाची चर्चा पुष्कळ, पण सामन्यांच्या दिवसांत कोणी कोणाला काय लिहून पाठविले, याची विचारपूस थोडी.

ब्रेआलचा चषक स्टाव्रोस निआर्कोस प्रतिष्ठानाने विकत घेतला आणि अथेन्सच्या अॅक्रोपोलिस संग्रहालयात तो लोकांना पाहता आला. तो एखाद्या खाजगी तिजोरीत गेला नाही, हे इष्टच झाले. परंतु हे भाग्य विजेत्यांच्या वस्तूंचे. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये बेळगावचा फडेप्पा चौगुले मॅरॅथॉन धावला व एकोणिसावा आला. एकोणिसाव्या क्रमांकाला पदक नसते, आणि लिलावगृहाच्या सूचीत त्याला स्थान मिळण्याचा संभवही अल्पच. त्याचा माग काढू पाहणाऱ्याला छातीवरचा क्रमांक छापलेले कापड, निकालाचा कागद, संघाचे छायाचित्र, बोटीवरून घरी धाडलेले पत्र, अशाच वस्तूंकडे वळावे लागेल. आणि नेमक्या याच वस्तू घरातली माणसे आवराआवरीच्या वेळी प्रथम टाकून देतात.