थकवा, काढे आणि आईची वही

ज्ञानेश्वर माउलींच्या पादुकांना नीरा नदीत स्नान घालून पालखी लोणंदला मुक्कामाला येते, तेव्हा माझी आई दरवर्षी नीरेच्या पुलापासून घरापर्यंत पालखीबरोबर चालत येत असे. घरी आली की पाय कोमट पाण्यात सोडून बसायची, रात्री गाढ झोपायची आणि सकाळी पुन्हा ताजीतवानी. निवृत्तीनंतरही हा नेम चुकला नाही. दोन वर्षांपूर्वी तिला स्तनाचा कर्करोग झाला, शस्त्रक्रियेनंतर पुण्यात केमोथेरपी सुरू झाली आणि एक दिवस ती म्हणाली, "अगं, वारीचा थकवा झोपल्यावर जायचा. हा झोपून उठल्यावर जास्त वाटतो."

चाळीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवलेल्या बाईने एका वाक्यात कर्करोगाच्या थकव्याचे लक्षण सांगितले. वैद्यकाच्या पुस्तकांतही जवळजवळ हेच लिहिलेले असते. श्रमाच्या प्रमाणात नसलेला आणि विश्रांतीने न जाणारा असा हा थकवा असतो. त्यामागे एकच एक कारण नसते. रक्तातील हिमोग्लोबिन कमी होणे, शरीरात सतत चालू राहणारा दाह, स्नायूंची झीज, अपुरा आहार, मोडलेली झोप, वेदना, थायरॉइडचे बिघडलेले काम, मनाची उदासी आणि खुद्द औषधे यांपैकी अनेक गोष्टी एकाच वेळी हजर असू शकतात.

या थकव्यावर उपाय म्हणून बाजारात आणि घराघरांत जे काही सांगितले जाते, त्याची परीक्षा करावी म्हणून हा लेख. विद्यार्थ्यांचे पालक असे प्रश्न शिक्षकांनाच विचारतात. शिक्षकांच्या स्वतःच्या घरीही ते येतात.

फळीवरच्या बाटल्या

आईची दुसरी केमो झाली तेव्हा मी लोणंदला गेले. स्वयंपाकघरातल्या फळीवर अश्वगंधाचे चूर्ण, गुळवेलीचा काढा, गोमूत्र अर्क आणि एका कुंडीत उगवलेले गव्हांकुर होते. यातले काही शेजाऱ्यांनी दिले होते, काही आठवडे बाजारातून आले होते आणि काही दादाने कोणाच्या तरी सांगण्यावरून मागवले होते. दादाचे म्हणणे सोपे होते. "डॉक्टर म्हणतात, केमो आहे म्हणजे थकवा येणारच. मग आपण काही करायचंच नाही का? घेऊन बघायला काय जातंय?"

दादाचा राग मला चुकीचा वाटला नाही. ज्या रुग्णालयात आईचे उपचार चालू होते तिथे ट्यूमरविषयी सगळे विचारत, थकव्याविषयी कोणी विचारत नसे. आईने सांगितलेच तर "थकवा येणारच" एवढ्यावर विषय संपे. रुग्णाच्या सर्वांत मोठ्या तक्रारीकडे वैद्यक पाठ फिरवते, तेव्हा ती जागा काढा विकणारा भरून काढतो. पूरक उपचारांवर टीका करताना हा दोष आधी आपल्या बाजूने मान्य केला पाहिजे.

मात्र 'घेऊन बघायला काय जातंय' या प्रश्नाला उत्तर आहे. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईतील डॉक्टरांना यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आढळले. सहाही जणांनी करोनाच्या भीतीने गुळवेल घेतली होती. २०२१ मध्ये ही निरीक्षणे प्रसिद्ध झाली तेव्हा आयुष मंत्रालयाने त्यांवर आक्षेप घेतला, वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही असे म्हटले. वाद बाजूला ठेवला तरी मुद्दा उरतोच. केमोची बरीचशी औषधे यकृतातून जातात. त्याच वेळी यकृतावर दुसरा अनोळखी भार टाकणे निरुपद्रवी नसते. पांढऱ्या पेशी कमी झालेल्या दिवसांत न उकळलेला गव्हांकुराचा रस पिणे म्हणजे जंतूंना आमंत्रण. 'नैसर्गिक' या शब्दाने यातले काहीच बदलत नाही.

'गुण आला' म्हणजे काय झाले?

आईला मी एक शंभर पानी वही दिली आणि सांगितले, रोज संध्याकाळी शून्य ते दहा यांपैकी एक आकडा लिही. शून्य म्हणजे थकवा नाही, दहा म्हणजे अंथरुणातून उठवत नाही. हजेरीपटाची सवय असलेल्या आईने एकही दिवस चुकवला नाही.

केमो दर एकवीस दिवसांनी असे. वहीत दिसले ते असे : तिसऱ्या ते सहाव्या दिवशी आकडा आठ-नऊवर, दहाव्या दिवसापर्यंत सहा, पुढच्या केमोच्या आधी चार. दादाने अश्वगंधा सुरू केली होती ती दुसऱ्या केमोच्या पाचव्या दिवशी, म्हणजे आईची अवस्था सर्वांत वाईट असताना. बाराव्या दिवशी आकडा पाचवर आला आणि घरात सर्वांनी मानले की गुण आला. पण पहिल्या केमोनंतर काय झाले होते, हे आईला आठवत होते. तेव्हा काहीही न घेताही बाराव्या दिवसापर्यंत तिला तसेच बरे वाटू लागले होते.

आपण औषध कधी सुरू करतो? जेव्हा त्रास शिगेला पोचतो तेव्हा. आणि चढ-उतार होणारी कोणतीही गोष्ट शिगेला पोचली की तिथून बहुधा खालीच येते. श्रेय त्या वेळी हातात जे असेल त्याला मिळते. सांख्यिकीत याला सरासरीकडे परतणे म्हणतात.

हे वर्गात दाखवता येते. छत्तीस विद्यार्थ्यांना प्रत्येकी दोन फासे टाकायला सांगा आणि बेरीज लिहून घ्या. ज्यांची बेरीज चार किंवा त्याहून कमी आली ते 'आजारी'. दोन फाशांचे छत्तीस संभव आहेत आणि त्यांपैकी सहांमध्ये अशी बेरीज येते, म्हणून साधारण सहा मुले आजारी निघतील. त्यांना गुळाचा एकेक खडा औषध म्हणून द्या आणि पुन्हा फासे टाकायला सांगा. पाचापेक्षा कमी बेरीज न येण्याचा संभव छत्तीसात तीस. म्हणजे सहांपैकी सुमारे पाच मुले 'बरी' होतील! गुळाचा गुण म्हणायचा का? मग दुसऱ्या दिवशी गूळ न देता तोच प्रयोग करा. तुलनेचा गट म्हणजे काय, हे मुलांना आयुष्यभर आठवेल.

हा काल्पनिक खेळ नव्हे. एल-कार्निटीन नावाचे पूरक द्रव्य थकव्यावर अनेक वर्षे सुचवले जात असे. अमेरिकेत ३७६ कर्करुग्णांवर त्याची चाचणी झाली आणि २०१२ मध्ये निष्कर्ष आले. चार आठवड्यांत कार्निटीन घेणाऱ्यांचा थकवा कमी झाला. दिसायला तशीच पण निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांचाही कमी झाला. दोन्ही गटांत अर्थपूर्ण फरक नव्हता. दुसरा गट नसता तर हेच द्रव्य गुणकारी ठरले असते.

कसोटीवर काय टिकते?

अश्वगंधेचा एक अभ्यास नेहमी पुढे केला जातो. मलेशियात स्तनाच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांवर तो झाला आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. केमोच्या काळात अश्वगंधा घेणाऱ्यांचा थकवा कमी राहिला असा त्याचा निष्कर्ष आहे. पण कोणाला औषध द्यायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवले नव्हते आणि निष्क्रिय गोळीही नव्हती. औषध घेतो आहोत हे रुग्णाला ठाऊक असताना 'थकवा किती?' असे त्यालाच विचारले, तर उत्तरात आशा मिसळतेच. हा अभ्यास पुढील चाचणीचे कारण ठरू शकतो, पण पाकिटावर छापायचा दाखला ठरू शकत नाही.

अश्वगंधेला 'भारतीय जिनसेंग' म्हणून विकतात, तीही एक उसनवारी आहे. अमेरिकी जिनसेंगची चाचणी ३६४ रुग्णांवर चिठ्ठ्या टाकून, निष्क्रिय गोळीशी तुलना करून झाली. चार आठवड्यांनंतर निश्चित फरक दिसला नाही, आठ आठवड्यांनंतर दिसला. पण जिनसेंग आणि अश्वगंधा या वेगवेगळ्या कुळांतील वनस्पती आहेत. अश्वगंधा वांग्या-बटाट्याच्या कुळातली. नाव सारखे ठेवल्याने एकीचा पुरावा दुसरीला लागू होत नाही.

मग खरोखर उपयोगी काय? २०१७ मध्ये ११३ चाचण्यांचा, ११,५२५ रुग्णांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. परिणामाच्या मापावर शून्य म्हणजे काही फरक नाही आणि ०.५ म्हणजे मध्यम फरक असे धरले, तर व्यायामाचा परिणाम ०.३० आला, मानसोपचाराचा ०.२७ आणि थकव्यावरच्या औषधांचा अवघा ०.०९. २०२४ मध्ये अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या दोन संस्थांनी मार्गदर्शक सूचना दिल्या, त्याही याच दिशेच्या आहेत. उपचार चालू असताना व्यायाम, वर्तनोपचार, सजगतेचे शिक्षण, ताई-ची यांची त्या शिफारस करतात. जिनसेंग 'सुचवता येईल' अशा दुय्यम यादीत आहे. योगासनांचे नाव उपचार संपल्यानंतरच्या यादीत आहे. कार्निटीन नेमाने देऊ नये असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे.

इथे आपल्या मुंबईतील कामाचा उल्लेख केला पाहिजे. टाटा स्मारक रुग्णालयाने स्तनाच्या कर्करोगाच्या ८५० रुग्णांवर योगाची चाचणी केली आणि डॉ. नीता नायर यांनी २०२२ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतील सॅन अँटोनिओ येथे ती मांडली. सोपी आसने, प्राणायाम आणि मधूनमधून विश्रांती असा तो बेतशीर कार्यक्रम होता आणि तो प्रशिक्षित शिक्षकांनी शिकवला. जीवनमान सुधारले, थकवा कमी झाला, असे जाहीर करण्यात आले. शिवाय रोग न उलटता जगण्यात १५ टक्के आणि एकूण जगण्यात १४ टक्के सापेक्ष सुधारणा सांगितली गेली.

एवढ्या रुग्णांवर चिठ्ठ्या टाकून योगाची चाचणी करणे हे मोठे काम आहे आणि त्याचे श्रेय दिलेच पाहिजे. माझा आक्षेप आहे तो बातमी वाचण्याच्या आपल्या सवयीवर. 'सापेक्ष' हा शब्द बातमीतून गळतो आणि १५ टक्के तेवढे उरतात. समजा, शंभर स्त्रियांपैकी वीस जणींचा रोग उलटणार होता. त्यात सापेक्ष १५ टक्के घट झाली तर सतरा जणींचा उलटेल. शंभरात तीन जणींचा फरक, पंधरा जणींचा नव्हे. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, पण गणित खरे आहे. दुसरी गोष्ट, योग करतो आहोत हे रुग्णापासून लपवता येत नाही. म्हणून थकव्याची उत्तरे वाचताना तुलनेच्या गटाला काय मिळाले, त्यांच्याकडे कोणी तेवढेच लक्ष दिले का, हे विचारले पाहिजे. आणि ही सारी आसने केमो आणि शस्त्रक्रियेच्या जोडीला होती, त्यांच्याऐवजी नव्हती. अमेरिकेतील नोंदींवरून २०१८ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात, बरा होण्याजोगा कर्करोग असूनही केवळ पर्यायी उपचार निवडणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका अडीचपट दिसला. 'पूरक' आणि 'पर्यायी' या शब्दांतले अंतर एवढे आहे.

वहीने दाखवलेली चूक

आता माझ्या चुकीबद्दल. तिसऱ्या केमोनंतर आकडा नेहमीसारखा उतरला नाही. दहाव्या दिवशी आठ, बाराव्या दिवशीही आठ. घरात विचार चालला होता तो काढा बदलण्याचा. आईने फोनवर मला आकडे वाचून दाखवले होते. मला खटकले, पण दादाशी पुन्हा वाद नको म्हणून मी गप्प राहिले. पुढच्या केमोआधीच्या नेहमीच्या तपासणीत हिमोग्लोबिन ७.६ निघाले. रक्त द्यावे लागले आणि केमो आठवडाभर पुढे गेली. काढ्याने आईचे रक्त कमी केले असे मी म्हणत नाही. त्याने आमचे नऊ-दहा दिवस घेतले. उपाय चालू आहे या समाधानात कारण शोधायचे राहून गेले. पूरक उपचारांचा हा तोटा कोणत्याही तक्त्यात दिसत नाही.

त्यानंतर मी आणि दादा एकत्र बसलो. फळीवरच्या प्रत्येक बाटलीचे नाव कागदावर लिहून तो कागद डॉक्टरांना दाखवायचा, हे त्यानेच सुचवले. डॉक्टरांनी बहुतेक बाटल्या बंद करायला सांगितल्या आणि या वेळी थकव्याविषयी स्वतःहून विचारले. रक्त सुधारल्यावर चालायला परवानगी मिळाली. दादा रोज संध्याकाळी आईला घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जाऊ लागला, मग वळणापर्यंत, मग शाळेच्या फाटकापर्यंत. ताप असेल किंवा चक्कर येत असेल त्या दिवशी सुट्टी. वहीतले आकडे एकदम उतरले नाहीत, पण पाचव्या केमोनंतर आठाच्या वर एकदाही गेले नाहीत. हा चालण्याचाच गुण असे मी म्हणू शकत नाही. एका रुग्णाच्या वहीत तुलनेचा गट नसतो. आईला ते पटते, दादाला अजून पटत नाही.

पालक विचारायला आले तर शिक्षकांनी काय सांगावे? आधी थकव्याचे कारण तपासून घ्या : रक्त, थायरॉइड, झोप, आहार, मनःस्थिती. जे काही घेत असाल ते डॉक्टरांपासून लपवू नका. रोजचा आकडा लिहा आणि नेहमीच्या चढ-उतारापेक्षा वेगळे काही दिसले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. डॉक्टरांना विचारून थोडे थोडे चाला.

गेल्या आषाढात पालखी लोणंदला आली तेव्हा आई पुलापर्यंत गेली नाही. दाराशी खुर्ची टाकून बसली होती. संध्याकाळी तिने वही काढली आणि तीन लिहिले.