ब्रेकअप खरंच चटक्यासारखं दुखतं का?

‘ब्रेकअप म्हणजे मेंदूसाठी चटकाच’, हे तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. त्यामागे इथन क्रॉस आणि सहकाऱ्यांचा २०११ चा पेपर आहे. नको असताना नातं तुटलेल्या ४० जणांना स्कॅनरमध्ये एक्सचा फोटो दाखवला, हाताला गरम चटकाही दिला. दोन्ही वेळा मेंदूचे काही तेच भाग उजळले.

इथे जरा थांबा. चाकणला एकाच शेडमध्ये दोन वेगळे पार्ट बनतात. शेडचे दिवे लागले म्हणून माल एकच ठरत नाही. २०१४ मध्ये वू आणि सहकाऱ्यांनी ६० जणांवर तसाच प्रयोग करून त्या भागांतले पॅटर्न तपासले; ते वेगळे निघाले. या टीममध्ये क्रॉसही होते. स्वतःच्या निष्कर्षाची अशी फेरतपासणी करणं, हे त्यांचं श्रेय.

माझा मोठा आक्षेप सॅम्पलवर आहे. पटतच नाही म्हणून स्वतःहून नातं सोडणारे यात नाहीत. शिवाय पुढे कोण कसं सावरलं, हेही पाहिलेलं नाही. म्हणून ‘किती दिवसांत मूव्ह ऑन होतं’ याचं उत्तर या पेपरांत शोधू नका.

पिंपरीच्या रूमवर रात्रभर जागणाऱ्या मित्राचं दुःख खरं आहेच. त्यासाठी स्कॅनरचा पुरावा लागत नाही.