'गॅस संपला' : एका निदानाची तपासणी

मार्च संपत आला की खिडकीतल्या जुन्या एसीवरचे प्लास्टिकचे आवरण काढले जाते, बटण फिरवले जाते आणि अर्ध्या तासाने घरातले सगळे एकमेकांकडे पाहू लागतात. यंत्र आवाज करते, वारा येतो, पण खोली गार होत नाही. मेकॅनिकला बोलावणे जाते. तो समोरच्या जाळीपुढे हात धरतो आणि सांगतो, "गॅस संपलाय, भरावा लागेल." गॅस भरला जातो, पैसे दिले जातात, खोली गार होते. पुढच्या वर्षी मार्चमध्ये हाच संवाद पुन्हा घडतो. यात काही चुकते आहे असे सहसा कोणाला वाटत नाही. विज्ञान शिकवणाऱ्यांच्या घरीही वाटत नाही.

या लेखात त्या चार शब्दांच्या वाक्याची तपासणी करायची आहे. शिवाय जुन्या एसीच्या मालकाला हमखास मिळणारे आणखी दोन सल्लेही पाहायचे आहेत. एक, "टाकून द्या, पाच तारेवाला नवा घ्या". दुसरा याच्या अगदी उलट, "जुनी यंत्रे दणकट, ती सोडू नका". तिन्ही सल्ल्यांची परीक्षा शाळेतल्या भौतिकशास्त्राने करता येते.

पहिला घोटाळा शब्दाचा आहे. स्वयंपाकघरातला गॅस जळतो, म्हणून तो संपतो आणि नवे सिलिंडर लागते. एसीतल्या पदार्थालाही आपण गॅसच म्हणतो, म्हणून तोही वापराने संपत असणार अशी समजूत होते. वस्तुस्थिती तशी नाही. जुन्या खिडकीतल्या एसीत बहुधा आर-२२ नावाचे प्रशीतक असते. वातावरणाच्या दाबाखाली ते उणे ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते. कॉम्प्रेसर त्याची वाफ दाबतो, त्यामुळे ती तापते. मागच्या, म्हणजे खिडकीबाहेरच्या कॉइलमध्ये ही वाफ आपली उष्णता बाहेरच्या हवेला देऊन द्रवरूप होते. तो द्रव केसासारख्या बारीक नळीतून जाताना त्याचा दाब एकदम उतरतो आणि खोलीच्या बाजूच्या कॉइलमध्ये तो उकळू लागतो. उकळण्यासाठी लागणारी अप्रकट उष्णता तो खोलीतल्या हवेतून घेतो. मग वाफ पुन्हा कॉम्प्रेसरकडे जाते. या फेऱ्यात काहीही जळत नाही की खर्च होत नाही. खिडकीतल्या एसीच्या सगळ्या नळ्या कारखान्यातच झाळून बंद केलेल्या असतात. किलोभराहून बहुधा कमीच असलेले ते प्रशीतक वीस वर्षांनीही तेवढेच असायला हवे.

म्हणजे प्रशीतक खरोखरच कमी झाले असेल, तर त्याचा अर्थ एकच : नळीला कुठेतरी छिद्र आहे. ते न शोधता गॅस भरणे म्हणजे पंक्चर न काढता सायकलच्या चाकात हवा भरणे होय. उलट त्यात आणखी एक भर पडते. बंद नळीत गॅस घालण्यासाठी पुष्कळदा तिला टोचून वरून झडप बसवतात आणि काम झाल्यावर ती तशीच ठेवतात. गळतीची एक नवी जागा अशा रीतीने आपण पैसे देऊन तयार करून घेतो.

पण त्याआधीचा प्रश्न असा की, खोली गार होत नाही याचे कारण प्रशीतकाची कमतरता हेच कशावरून? हेच लक्षण इतर अनेक कारणांनी दिसते आणि त्यांतली बरीचशी फुकट दूर होतात.

सर्वांत साधे कारण धुळीचे. पुढची जाळी तुंबली की खोलीची हवा कॉइलपर्यंत पोहोचत नाही. मागची कॉइल तर वर्षानुवर्षे कोणी पाहिलेलीच नसते. तिच्या ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांत धूळ, पिसे, कबुतराच्या घरट्याच्या काड्या असे काहीही सापडते. उष्णता बाहेर टाकता आली नाही की त्या कॉइलचे तापमान चढते. त्याचा परिणाम बारावीच्या पुस्तकातल्या कार्नोच्या सूत्राने मोजता येतो. खोलीकडची कॉइल ७ अंशांवर, म्हणजे २८० केल्व्हिनवर आणि बाहेरची ५० अंशांवर, म्हणजे ३२३ केल्व्हिनवर असेल, तर आदर्श यंत्राचा कार्यगुणांक २८० भागिले ४३, म्हणजे ६.५ येतो. धुळीमुळे बाहेरची कॉइल ६० अंशांवर गेली, तर तो २८० भागिले ५३, म्हणजे ५.३ होतो. प्रत्यक्ष यंत्राचा गुणांक याच्या निम्म्याहूनही कमी असतो, पण घसरणीची दिशा तीच. नुसत्या धुळीने आदर्श मर्यादाच सुमारे १९ टक्के खाली आली. नागपूरच्या मे महिन्यात बाहेरची हवाच ४५ अंशांवर असते, तेव्हा हा फटका अधिक जाणवतो.

मुंबई आणि कोकणात अडचण वेगळी. तेथे यंत्राची बरीच शक्ती हवा गार करण्यात नव्हे, तर हवेतल्या वाफेचे पाणी करण्यात जाते. दीड टनाचा एसी सेकंदाला सुमारे ५.३ किलोज्यूल उष्णता काढतो. ताशी दोन लिटर पाणी जमा होत असेल, तर त्यासाठीच सुमारे १.४ किलोज्यूल, म्हणजे पाव हिस्सा खर्च पडतो. दार उघडे राहिले, खिडकीच्या चौकटीत फट असली की दमट हवा आत येत राहते आणि यंत्र पाणी गाळत बसते. तेथे दोष यंत्राचा नसून फटीचा असतो.

या पाण्याबद्दलही एक गैरसमज आहे. अनेक खिडकी-एसींत मागच्या पंख्याच्या पात्यांना एक कडे जोडलेले असते. तळाशी साचलेल्या पाण्यात ते बुडते आणि पाणी मागच्या तापलेल्या कॉइलवर उडवते. त्या पाण्याच्या बाष्पीभवनाने कॉइल गार राहण्यास मदत होते. आतून येणारा 'छळछळ' आवाज हा बिघाड नव्हे. आवाजाला कंटाळून तळाला भोक पाडून सगळे पाणी काढून टाकणाऱ्यांनी ही फुकटची सोय घालवलेली असते. यंत्र बाहेरच्या बाजूला किंचित उतरते बसवलेले आहे ना, एवढे मात्र पाहावे.

आता विजेची कारणे. कॉम्प्रेसर नुसता घुमतो आणि थोड्या वेळाने 'टक्' आवाज होऊन बंद पडतो, तेव्हा कपॅसिटर उतरलेला असण्याचा संभव मोठा. ही वस्तू स्वस्त असते. विजेचा दाब कमी असला तरी हेच होते. बंद केलेला एसी लगेच पुन्हा चालू केला तरीही होते, कारण बारीक नळीतून दोन्ही बाजूंचे दाब समान व्हायला दोन-तीन मिनिटे लागतात. कपॅसिटर प्लग काढल्यावरही विद्युतभार धरून ठेवतो. म्हणून यंत्र उघडून आत हात घालण्याचे काम जाणकाराचेच. घरच्यांनी व विद्यार्थ्यांनी ते करू नये.

मग गॅस कमी आहे हे ओळखायचे कसे? आधी जाळी व कॉइल स्वच्छ करावी. त्यानंतर टाँग टेस्टरने विद्युतधारा मोजून ती यंत्राच्या पाटीवर छापलेल्या आकड्याशी ताडून पाहावी. बाहेरची कॉइल तुंबली असेल तर कॉम्प्रेसरवर ताण येऊन धारा वाढते. प्रशीतक कमी असेल तर दाबायला पदार्थच कमी असल्याने धारा उतरते. कॉइलवरचा बर्फही वाचता येतो : सुरुवातीच्या थोड्या भागावर बर्फ आणि उरलेली कॉइल कोरडी असेल तर प्रशीतक कमी असण्याची शंका घ्यावी, सगळ्या कॉइलवर बर्फ असेल तर आधी जाळी आणि पंखा पाहावा. गळतीच्या जागी बहुधा तेलकट डागही सापडतो, कारण कॉम्प्रेसरचे तेल प्रशीतकाबरोबर फिरत असते. जाळीपुढे हात धरून यांतले काहीही कळत नाही.

येथे सारा दोष मेकॅनिकच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. गळती असल्यास योग्य पद्धत अशी : नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या फेसाने छिद्र शोधायचे, ते झाळायचे, निर्वात पंपाने नळीतली हवा व ओल काढायची आणि मग पाटीवर लिहिले आहे तेवढेच प्रशीतक वजन करून भरायचे. ओल राहिली तर ती बारीक नळीच्या तोंडाशी गोठते. हवा राहिली तर दाब नाहक चढतो. या कामाला अर्धा दिवस जातो आणि साधनेही लागतात. ग्राहक मात्र 'गॅस किती भरला' याचे पैसे देतो. 'छिद्र शोधायला दोन तास लागले' याचे द्यायला तो कुरकुरतो. वस्तूची किंमत समजते, निदानाची समजत नाही. अशा बाजारात निदान स्वस्त आणि गॅस महाग होणारच. केंद्र सरकारने २०१९ मध्ये जाहीर केलेल्या शीतकरण कृती आराखड्यात एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण देण्याचे उद्दिष्ट होते. ते आवश्यकच होते. पण ग्राहकाचे प्रशिक्षण कोणी करायचे? ते काम शाळेचे आहे.

दुसरा सल्ला : टाकून नवा घ्या. येथे हिशेब करावा. समजा जुना एसी कॉम्प्रेसर चालू असताना १.९ किलोवॅट घेतो आणि तेवढेच काम नवा सरासरी १.२ किलोवॅटमध्ये करतो. वर्षातले तीन महिने रोज सहा तास, म्हणजे ५४० तास वापर असेल तर ३७८ युनिट वाचतील. दहा रुपये युनिट धरले तर वर्षाला ३,७८० रुपये. नवे यंत्र चाळीस हजारांचे असेल तर रक्कम वसूल व्हायला दहा वर्षांहून अधिक काळ लागेल. तेच यंत्र एखाद्या कार्यालयात वर्षाला २,५०० तास चालत असेल तर सव्वादोन-अडीच वर्षांत पैसे फिटतील. म्हणजे 'पाच तारे' हे अर्धेच उत्तर झाले. उरलेले अर्धे वापराच्या तासांत आहे. हे आकडे मी गृहीत धरलेले आहेत. प्रत्येकाने आपले घालावेत.

या हिशेबात सहसा न धरली जाणारी बाब म्हणजे प्रशीतक. आर-२२ ओझोनच्या थराला हानी करते. शिवाय शंभर वर्षांच्या हिशेबात त्याची तापमानवाढीची क्षमता तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,८०० पट आहे. यंत्रातले ७०० ग्रॅम हवेत गेले, तर ते सुमारे १,२६० किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखे झाले. वरच्या घरगुती उदाहरणात वाचलेल्या ३७८ युनिटांमुळे, युनिटमागे साधारण ०.७ किलो धरल्यास, वर्षाला सुमारे २६५ किलो वाचतात. एक भरणा हवेत सोडला की जवळजवळ पावणेपाच वर्षांची बचत गेली. आणि जुने यंत्र भंगारात गेले की तांब्यासाठी पहिल्यांदा नळीच कापली जाते. दरवर्षी गॅस भरणारा आणि घाईने भंगारात देणारा, दोघेही शेवटी एकच गोष्ट करतात.

तिसरा सल्ला जुन्याच्या मोहाचा. यंत्र जुने आहे म्हणून चांगले असे नसते. समुद्रकाठी खाऱ्या हवेत तांबे आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकलेले असल्याने ॲल्युमिनियमच्या पट्ट्या झिजून भुकटी होतात. अशी कॉइल धुऊन सुधारत नाही. पेटी गंजून कडे सैल झाले असेल, शरीराला झिणझिण्या येत असतील किंवा कॉइल जागोजागी गळत असेल, तर यंत्र काढावे. आर-२२ चा पुरवठाही आटत जाणार आहे. माँट्रियल करारानुसार भारतात त्याचा वापर २०३० पर्यंत जवळजवळ थांबायचा असून, त्यानंतर २०४० पर्यंत जुन्या यंत्रांच्या देखभालीपुरता अगदी थोडा हिस्सा राहील. म्हणून 'मिळेल तो गॅस' भरण्याची युक्ती सुचवली जाईल. ती नाकारावी. काही पर्याय ज्वलनशील आहेत, तर काहींचा दाब आर-२२ च्या दीडपटीहून अधिक असतो. जुन्या यंत्राची रचना त्यांच्यासाठी केलेली नाही. यंत्र काढताना ते ई-कचऱ्याच्या अधिकृत केंद्राकडे द्यावे आणि प्रशीतक काढून घेणार का, हे आधी विचारावे.

वर्गासाठी एक प्रयोग सुचवतो. घरच्या इलेक्ट्रॉनिक वीजमीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि किती लुकलुकींना एक युनिट हे बाजूला छापलेले असते. समजा तो आकडा ३,२०० आहे. इतर सगळी उपकरणे बंद करून फक्त एसी चालू ठेवावा आणि मिनिटाला किती वेळा दिवा लागतो ते मोजावे. त्या संख्येला ६० ने गुणून ३,२०० ने भागले की किलोवॅट मिळतात. शंभर लुकलुकी म्हणजे सुमारे १.९ किलोवॅट. विद्यार्थ्यांनी जाळी धुण्याआधी व नंतर, तसेच जाणकाराकडून मागची कॉइल साफ करून घेण्याआधी व नंतर हे मोजावे. जोडीला आत जाणाऱ्या व बाहेर येणाऱ्या हवेची तापमाने साध्या थर्मामीटरने टिपावीत. मेकॅनिक येईल तेव्हा ही वही त्याच्यापुढे ठेवावी आणि विचारावे, "गॅस कमी झाला असेल, तर तो गेला कुठून?"