पान दिसते, शब्द सापडत नाही

शिक्षकांसाठी निघालेल्या विज्ञानप्रयोगांच्या जुन्या पुस्तिका शाळेच्या संगणकावर एकत्र वाचता याव्यात, म्हणून एक छोटी आज्ञावली तयार करण्याचे काम आम्ही काही मित्रांनी हाती घेतले. दिवसा आपापली प्रयोगशाळा आणि रात्री हे काम, असा बेत होता. विषयवार यादी, इयत्तावार यादी, सोबत प्रश्नसंच, हे सारे महिन्याभरात झाले. अडले ते मात्र भलत्याच ठिकाणी. यादीतल्या नावावर टिचकी मारली की त्याच खिडकीत पुस्तिकेचे पान उघडायला हवे, एवढेच राहिले होते. पुस्तिका पीडीएफ स्वरूपात होत्या, आणि पीडीएफ तर आज कोणत्याही फोनवर उघडते. तेव्हा पान दाखवणारा एखादा तयार भाग आणून जोडला की झाले, असा आमचा हिशेब. संगणकवाले त्याला 'व्ह्यूअर कंपोनंट' म्हणतात. आपण 'दर्शक' म्हणू.

पहिली चौकशी एका नावाजलेल्या विक्रेत्याकडे केली. किंमत कुठेच छापलेली नव्हती, 'आमच्याशी बोला' एवढीच सूचना होती. बोललो. आज्ञावली लिहिणाऱ्या प्रत्येक माणसामागे वार्षिक शुल्क, आणि ती जितक्या संगणकांवर बसेल त्याचे वेगळे, असा तो मामला निघाला. आमच्या कामाचा वर्षाचा सगळा खर्च, चहासकट, त्यापुढे किरकोळ होता. तरी चाचणीसाठी मिळाली ती प्रत घेतली. पाने सुरेख दिसली. मग शाळेतल्या एका बाईंनी शोधाच्या चौकटीत 'शिक्षक' हा शब्द लिहिला. उत्तर आले, एकही नाही. समोरच्या पानावर तो शब्द तीन ठिकाणी दिसत होता. "मग एवढे पैसे कशाचे हो?" असे बाईंनी विचारले. त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता आम्ही पाच दर्शक पाहिले. त्यांचे हे परीक्षण.

आधी पीडीएफ म्हणजे काय ते पाहायला हवे, नाहीतर दोष कोणाचा हे कळणार नाही. अडोबीचे एक संस्थापक जॉन वॉर्नॉक यांनी १९९१ मध्ये एक टिपण लिहिले. कोणत्याही संगणकावर तयार झालेले पान दुसऱ्या कोणत्याही संगणकावर जसेच्या तसे दिसावे आणि छापता यावे, हा त्याचा विषय. त्यातून १९९३ मध्ये पीडीएफ आले. २००८ मध्ये ते आंतरराष्ट्रीय प्रमाणक झाले. 'जसेच्या तसे दिसावे' हे शब्द लक्षात ठेवा. पान दिसले पाहिजे, ही प्रतिज्ञा आहे. पानावरचा मजकूर संगणकाला कळला पाहिजे, ही मुळातली प्रतिज्ञा नव्हे.

पीडीएफ फाईलच्या आत शब्द नसतात, चित्र काढण्याच्या सूचना असतात. एखादे शिक्षक फळ्याकडे पाठ करून उभे आहेत आणि फळ्याजवळच्या मुलाला सांगताहेत, 'डावीकडून ७२ घरे, खालून ७०० घरे मोजून खडू टेक. आता तक्त्यातला १९ नंबरचा आकार काढ. जरा सरकून ४ नंबरचा काढ.' इथे एक घर म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग. ए-चार आकाराचे पान सुमारे ५९५ घरे रुंद आणि ८४२ घरे उंच. तक्ता म्हणजे टंक, आणि तोही फाईलमध्येच भरलेला. मुलाला अक्षर ओळख नसली तरी फळ्यावर लिखाण बिनचूक उमटते. दर्शकाचे मुख्य काम या मुलाचे आहे.

१९ नंबरचा आकार म्हणजे कोणते अक्षर, हे सांगणारी एक किल्ली फाईलमध्ये ठेवता येते. रोमन लिपीत ती पुरते. तिथे अक्षरे ज्या क्रमाने लिहायची त्याच क्रमाने दिसतात. देवनागरीत तसे नाही. 'शिक्षक' टंकताना आपण आधी श आणि मग ऱ्हस्व वेलांटी देतो. युनिकोडमध्ये साठवणही त्याच क्रमाने होते. पानावर मात्र वेलांटी श च्या आधी काढली जाते. सूचनांचा क्रम होतो ि-श-क्ष-क. किल्ली लावून दर्शक याच क्रमाने अक्षरे वाचतो, आणि आपण शोधतो तो शब्द त्याच्या लेखी पानावर नसतोच. 'वर्ग' या शब्दात उलट गंमत होते. रफार ग वर, म्हणजे ग च्या नंतर काढला जातो. उतरवून घेतलेला शब्द 'वगर्' असा निघतो. मराठी पीडीएफमधून मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवणाऱ्याने हा 'वगर्' कधी ना कधी पाहिलेला असतो. युनिकोडपूर्वीच्या टंकांत केलेल्या पुस्तिकांची स्थिती आणखी वाईट. त्या टंकांनी रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले होते. उचललेला मजकूर रोमन अक्षरांची खिचडी होऊन बाहेर येतो. आणि ज्या पुस्तिका छायाचित्रासारख्या स्कॅन केल्या आहेत, त्यांत किल्ली काय, अक्षरेच नाहीत.

'या तुकड्याचा खरा मजकूर असा' अशी टिप्पणी आकारांसोबत जोडण्याची सोय प्रमाणकात आहे. पण ती टिप्पणी पीडीएफ तयार करणाऱ्या आज्ञावलीने घालावी लागते. घातली, तरी सगळे दर्शक ती सारख्या निष्ठेने वाचत नाहीत. तेव्हा बाईंच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर असे, की विक्रेत्याचा दर्शक खोटे बोलत नव्हता. शब्द त्याला खरोखरच दिसत नव्हता. उरलेले निम्मे असे, की एवढ्या किमतीच्या वस्तूच्या माहितीपत्रकात ही मर्यादा कुठेतरी एका ओळीत यायला हवी होती.

आता फुकट मिळणाऱ्यांकडे वळू. फुकट म्हणजे बिनअटीचे नव्हे, हे आम्ही इथे शिकलो. डेरेक नूनबर्ग यांनी १९९५ मध्ये एक्सपीडीएफ नावाचा दर्शक लिहून खुला केला. २००५ मध्ये त्याला 'पॉप्लर' नावाची शाखा फुटली. लिनक्सवर ज्यांच्या शाळांत काम चालते त्यांनी एव्हिन्स किंवा ऑक्युलर वापरले असेल, तर त्यांनी पॉप्लर नकळत वापरला आहे. वर सांगितलेली टिप्पणी तो वाचतो. दुसरा म्यूपीडीएफ. आटोपशीर, चपळ, कमी ताकदीच्या यंत्रावरही पाने झटकन उलटणारा. मनातून आमची निवड हीच होती.

पण दोघांचे परवाने असे आहेत की, ते आपल्या आज्ञावलीत जोडून ती इतरांना दिली, तर पूर्ण आज्ञावलीची मूळ संहिता त्याच अटींवर खुली करावी लागते. पॉप्लरचा परवाना जीपीएल. म्यूपीडीएफचा आणखी कडक, एजीपीएल. नुसती जाळ्यावरून सेवा दिली तरी तो लागू होतो. ज्यांना हे नको त्यांना म्यूपीडीएफचे निर्माते वेगळा परवाना विकत देतात. ही अट आम्हाला अन्यायाची वाटत नाही. ज्याने वर्षानुवर्षे काम करून वस्तू खुली केली त्याने 'तुम्हीही खुली ठेवा' म्हणणे न्याय्यच आहे. आमची अडचण घरची होती. प्रश्नसंचाचा भाग दुसऱ्यांनी लिहिलेला होता, आणि त्याची संहिता खुली करण्याचा हक्क आम्हाला नव्हता. हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारायला हवा होता. तो आम्ही तिसऱ्या महिन्यात विचारला, तोवर म्यूपीडीएफ जोडूनही झाला होता. सगळे उसवावे लागले.

राहिले दोन. पीडीएफियम हा फॉक्सिट कंपनीच्या संहितेवर उभा आहे, आणि गूगलने तो २०१४ मध्ये खुला केला. क्रोम ब्राउझरमध्ये पीडीएफ उघडते ती याच्याच जोरावर. परवाना उदार आहे. नावनिर्देश आणि परवान्याची प्रत सोबत ठेवली की पुरते. पान काढण्याच्या बाबतीत त्याच्यात खोट काढायला आम्हाला जागा सापडली नाही. पण हा दर्शक म्हणजे नुसते भिंग आहे. नळी, स्टँड, आरसा, फिरवायचे स्क्रू, सगळे आपण बसवायचे. पान उलटणे, मोठे करणे, शोधाची चौकट, काहीच तयार नसते. पुरेशी माणसे हाताशी असतील तर उत्तम. आम्ही तिघे होतो, त्यातला एक परीक्षेच्या कामात.

दुसरा पीडीएफ.जेएस. हे मोझिलाचे काम, २०११ मध्ये सुरू झालेले. फेब्रुवारी २०१३ पासून फायरफॉक्समध्ये ते आपोआप येऊ लागले. हा पूर्ण सूक्ष्मदर्शक आहे. बटणे, पानांची छोटी चित्रे, शोधाची चौकट, सगळे जोडलेले, आणि बटणांची नावे मराठीतही. परवाना उदार. सारे जावास्क्रिप्टमध्ये असल्याने ब्राउझर आहे तिथे चालते.

त्याची खोट मोठ्या स्कॅन केलेल्या पानांवर जाणवते. हिशेब करून पाहा. ए-चार पान इंचाला ३०० ठिपक्यांनी काढले, तर २४८० गुणिले ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख ठिपके. रंगीत चित्र म्हणून प्रत्येकी ४ बाइट धरले, तर एका पानाला जवळजवळ ३५ मेगाबाइट स्मृती. तेच पान नुसते काळे-पांढरे धरले, तर दर ठिपक्याला एक बिट, म्हणजे एक मेगाबाइटच्या आसपास. फाईलमध्ये पान दाबून ठेवलेले असते, म्हणून फाईल लहान दिसते. उलगडून पडद्यावर ठेवताना मात्र ही किंमत मोजावी लागते. शाळेच्या जुन्या यंत्रावर पाच-सहा पाने भराभर उलटली की संगणक धापा टाकू लागतो. स्कॅन कमी ठिपक्यांनी केले तर हे टळते, पण मग आकृतीतले बारीक आकडे जातात. आम्ही पडद्यावर पाहायची प्रत आणि छापायची प्रत अशा दोन वेगळ्या ठेवल्या.

आणखी एक त्रास सांगून ठेवतो, कारण तो कोणी आधी सांगत नाही. पेनड्राइव्हवरून थेट उघडायला गेले तर सुरक्षेच्या कारणाने ब्राउझर दर्शकाला शेजारची फाईल वाचू देत नाही. त्याच संगणकावर एक छोटा सर्व्हर चालू ठेवावा लागतो.

सुरक्षेचा विषय निघाला आहे, तर 'एकदा बसवले की विसरा' हा विचार किती महाग पडतो त्याचे एक उदाहरण. स्कॅन केलेली काळी-पांढरी पाने दाबण्याची जेबीआयजी-२ नावाची एक पद्धत आहे. ती उलगडणारा एक्सपीडीएफमधला भाग ॲपलनेही आपल्या यंत्रणेत घेतलेला होता. त्या भागातल्या एका चुकीचा आधार घेऊन आयफोनमध्ये घुसखोरी झाल्याचे २०२१ मध्ये उघड झाले. फोनच्या मालकाने कुठेही बोट लावण्याची गरज नव्हती. चूक दुरुस्त झाली. पण दुरुस्ती ज्या यंत्रावर पोचत नाही, तिथे ती झालीच नाही. आमच्या शाळांतल्या बऱ्याच संगणकांना जाळे नाही. तिथे दर्शकाची नवी आवृत्ती कोण नेऊन बसवणार, हा खर्च कोणत्याच किंमतपत्रकात नसतो, आणि फुकटाच्या वस्तूलाही तो चुकत नाही.

शेवटी आम्ही पीडीएफ.जेएस घेतले, आणि शोधाचे काम त्याच्याकडून काढून घेतले. दर्शकाने फक्त दाखवावे. प्रत्येक पानाचा मजकूर आम्ही युनिकोडमध्ये वेगळ्या फाईलमध्ये ठेवतो, पानाच्या क्रमांकासह. शोध त्या फाईलमध्ये होतो, आणि दर्शकाला फक्त 'अमुक पुस्तिकेचे २३ वे पान उघड' असे सांगितले जाते. एवढे केल्यावर महागड्या दर्शकाची गरजच उरली नाही. आम्ही इतके दिवस चुकीची वस्तू शोधत होतो. मजकूर मिळवायला टेसरॅक्ट ही अक्षरे ओळखणारी खुली आज्ञावली वापरली. तिला मराठी येते. जोडाक्षरांत आणि पुसट छपाईत ती चुकते, रेणुसूत्रे तर हमखास बिघडवते. म्हणून प्रत्येक पान माणसाने वाचून दुरुस्त करावे लागते. हे काम मुख्यतः त्या बाई आणि त्यांच्या दोन सहकारी करतात.

यात एक उणीव राहिली आहे. पान उघडते, पण शोधलेला शब्द पानावर रंगवून दाखवता येत नाही. टेसरॅक्ट प्रत्येक शब्दाची पानावरची चौकटही नोंदवून देते, तेव्हा हे अशक्य नाही. दुरुस्ती करताना त्या चौकटी हलू नयेत, एवढे जमवायचे आहे.

तुमच्या शाळेतली एखादी मराठी पीडीएफ उघडा, 'वर्ग' किंवा 'शिक्षक' हा शब्द उचला आणि साध्या मजकुराच्या फाईलमध्ये चिकटवून पाहा. शब्द जसाच्या तसा आला, तर ती फाईल कोणत्या आज्ञावलीने तयार केली होती ते आम्हाला अवश्य कळवा.