कानावर पडणारी माणदेशी

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) मराठीची दोन रूपं शेजारी नांदतात. तरुण मास्तर प्रमाण मराठीत गोष्ट सांगतो. कारभारी, आनंदा रामोशी आणि गावातले धनगर माणदेशीत बोलतात. दुसऱ्या भाषेत नेताना या भेदाचं काय करायचं, हा अनुवादकाचा जुना पेच. बोलत्या पुस्तकात तो नसावा, असं वाटतं. पण अडचण तिथेही आहे. स्टुडिओत वाचणारा बरेचदा माणदेशी, कोल्हापुरी, वऱ्हाडी या सगळ्यांना एकच ‘गावरान’ हेल लावतो. हा हेल वगनाट्यातून आणि सिनेमातून आलेला, हशा वसूल करण्यासाठी घडलेला. माडगूळकरांचे धनगर हशासाठी उभे केलेले नाहीत. शेवटी दुष्काळानं गाव उठतं, तेव्हाही निवेदनाचा सूर चढत नाही. छापील पानावर हा संयम आपण आपल्या गतीनं वाचतो. ध्वनिमुद्रणात तो वाचणाऱ्याच्या श्वासावर अवलंबून असतो. म्हणजे वाचणाराही अनुवादकच. अनुवादाचं परीक्षण करताना आपण शब्दनिवड तपासतो. श्राव्य पुस्तकाचे हेल आणि विराम तितक्याच बारकाईनं तपासायला हवेत. ‘आवाज छान आहे’ एवढ्यावर भागणार नाही.