‘स्मार्ट’ घर आणि तापलेला स्लॅब

मंडळी, आजचा विषय नव्या घराचा आहे, पण सुरुवात एका जुन्या घरापासून करतो. १९५७ साली मोन्सॅन्टो या अमेरिकन रसायन कंपनीने कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये ‘हाउस ऑफ द फ्यूचर’ नावाचं एक प्रदर्शनी घर उभारलं. मार्विन गुडी आणि रिचर्ड हॅमिल्टन हे एमआयटीतले वास्तुविशारद त्यामागे होते. घर सगळं प्लास्टिकचं. बाहेर काचतंतूंनी बळकट केलेलं कवच, त्याच्या पोटात फेसाचा थर, आणि आत त्या काळात नवलाची वाटणारी उपकरणं, अगदी मायक्रोवेव्हसुद्धा. दहा वर्षांनी, १९६७ मध्ये, ते पाडायला काढलं. तेव्हा पाडकामाचा लोखंडी गोळा भिंतीवर आदळून परत उसळला, असं सांगतात. ते घर शेवटी तुकडे तुकडे करून उतरवावं लागलं आणि त्यात दोनेक आठवडे गेले.

लोक हा किस्सा प्लास्टिकची ताकद सांगायला वापरतात. मला त्यात दुसरंच दिसतं. दहा वर्षांत ‘भविष्य’ शिळं झालं होतं, कवच मात्र जागचं हलायला तयार नव्हतं. एकाच घरात दोन घड्याळं चालू होती, आणि आखणाऱ्यांनी ती एकच आहेत असं धरलं होतं.

स्टुअर्ट ब्रँड यांनी १९९४ च्या ‘हाउ बिल्डिंग्ज लर्न’ या पुस्तकात हेच नीट मांडलं. मूळ कल्पना फ्रँक डफी या वास्तुविशारदाची. इमारत म्हणजे वेगवेगळ्या वेगाने म्हातारे होणारे थर. सांगाडा तीस वर्षांपासून तीनशे वर्षांपर्यंत टिकतो. वायरिंग, नळ, यंत्रं ही सात ते पंधरा वर्षांत बदलायला येतात. जलद थर संथ थरात गाडला, की तो बदलताना संथ थर फोडावा लागतो. बस, एवढंच. पण आज आपल्याकडे ‘स्मार्ट होम’ म्हणून जे विकलं जातं, ते या एका वाक्यावर तपासून बघा.

कुठल्याही नव्या योजनेचा सॅम्पल फ्लॅट डोळ्यासमोर आणा. दारात चेहरा ओळखणारं कुलूप. भिंतीत बसवलेला टच पॅनल. आवाजावर सरकणारे पडदे. आणि आत एसी इतका जोरात, की हा फ्लॅट एसीशिवाय मे महिन्यात कसा असेल हा प्रश्नच मनात येऊ नये. माहितीपत्रकात नळाच्या कंपनीचं नाव असतं, टाइल्सचं माप असतं. भिंतीतून किती उष्णता आत येते, हा आकडा शोधून दाखवा! (हशा) हसू नका, हा आकडा काढता येतो, आणि सरकारने तो काढायची पद्धतही दिली आहे. २०१८ च्या ‘इको निवास संहिते’त छपरासाठी मर्यादा आहे १.२, म्हणजे आत-बाहेर एक अंश फरक असताना दर चौरस मीटरमागे १.२ वॅट. आपला नेहमीचा सहा इंची उघडा स्लॅब तीनच्या वर जातो. पण ही संहिता किमान ५०० चौरस मीटरच्या भूखंडावरच्या इमारतींसाठी. गुंठ्या-दोन गुंठ्यांत स्वतःचा बंगला बांधणारा त्यात येतच नाही. आणि गच्चीखालच्या खोलीत रात्री दहाला भट्टी कोणाची होते, तर त्याचीच.

रात्री दहाला का, हे जरा समजून घेऊ. काँक्रीट दिवसभर ऊन पितं आणि सावकाश खाली सोडतं. सूर्य मावळला तरी स्लॅबचं काम चालूच असतं. पंखा लावला तर तो छताजवळची तीच गरम हवा खाली ढकलतो. काँक्रीट आणि थर्माकोल यांच्या उष्णतावहनात साधारण पंचेचाळीस पटींचा फरक आहे. म्हणजे एक इंच थर्माकोल जेवढी उष्णता अडवतो, तेवढी अडवायला जवळजवळ पावणेचार फूट जाडीचा स्लॅब लागेल. आणि हा थर स्लॅबच्या वर हवा, कोब्याखाली, वजन पेलणाऱ्या घट्ट फेसाच्या पाट्यांचा. खालून फॉल्स सीलिंगमध्ये भरला तर थोडा फायदा होतो, पण स्लॅब तापायचा तो तापतोच. वरून घातला तर तेच जड काँक्रीट घराच्या बाजूने काम करायला लागतं.

आता कोणी म्हणेल, आमचे वाडे बघा. बघितले. जाड भिंती, माळा, कौलांखालची हवा, सगळं खरं. पण मधल्या अंधाऱ्या खोल्यांत दिवसा दिवा लावून राबणाऱ्या बायकांना त्या गारव्याबद्दल कोणी विचारलं होतं का? ते असो. आणि सरसकट जर्मन पद्धतीचं हवाबंद घरही मी सुचवत नाही. कोकणात, मुंबईत दमट हवेला वारा आणि सावली आधी लागते. नागपूरकडे घरोघरी कूलर. कूलरला हवा बाहेर जायला वाट लागते, घर बंद केलंत तर आत नुसता दमटपणा साठतो. तरी छपराचं इन्सुलेशन यातल्या प्रत्येक गावाला उपयोगी आहे.

मग हे विकलं का जात नाही? कारण ते दिसत नाही, आणि बांधणारा विजेचं बिल भरत नाही. टच पॅनल दिसतो. त्याची किंमत फ्लॅटच्या किमतीत मिसळते, फ्लॅटची किंमत वीस वर्षांच्या कर्जात. पॅनल बनवणाऱ्या कंपनीने सात वर्षांनी सॉफ्टवेअर देणं बंद केलं, तर पुढची तेरा वर्षं आपण भिंतीतल्या एका काळ्या काचेचे हप्ते भरतो. ज्याचं आयुष्य खरंच वीस वर्षांहून जास्त आहे आणि ज्याच्यासाठी कर्ज काढणं शहाणपणाचं, तो छपरावरचा थर मात्र ‘खर्च वाढेल’ म्हणून कापला जातो. माझा खरा आक्षेप इथे आहे.

नव्वदच्या दशकातल्या सोसायट्यांमध्ये भिंतीतला टेलिफोनचा पॉइंट आठवा. त्याच्या शेजारी केबल टीव्हीचा. आज त्यांच्यावर रंगाचे तीन हात बसले आहेत. तेव्हा ते ‘स्मार्ट’च होतं. चूक पॉइंट देण्यात नव्हती. बारीक पाइपात एकच वायर कोंबली, ती ओढून दुसरी घालायची सोय ठेवली नाही, ही चूक. म्हणून ब्रॉडबँडची फायबर आली तेव्हा ती खिडकीच्या चौकटीला भोक पाडून, भिंतीवर खिळे ठोकत हॉलमध्ये शिरली.

याचा अर्थ वायरिंग नकोच, असा घेऊ नका. उलट चांगलं इन्सुलेशन केलं तर वायर जास्त लागते! लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटमधून वायफाय आधीच दमतो. त्यात ॲल्युमिनियमचा मुलामा असलेल्या पाट्या किंवा उष्णता परतवणारी काच आली, की सिग्नल आणखी पडतो. तेव्हा बंगला बांधताना दोन्ही गोष्टींचा विचार एकाच बैठकीत व्हावा. प्रत्येक खोलीत डेटासाठी विजेपासून वेगळा, ऐसपैस पाइप, वळणं कमी, आत ओढायला दोरी सोडलेली, आणि सगळे पाइप एका कपाटाशी येऊन मिळालेले. आज त्यातले निम्मे रिकामे राहिले तरी चालेल. वायरमन म्हणेल, ‘साहेब, रिकामा पाइप कशाला टाकायचा?’ त्याला टाकायलाच लावा. आणि गिलावा होण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढून ठेवा, शेजारी टेप धरून. पुढे ड्रिल मारणारा दुवा देईल.

कुलूप, पडदे, बोलणारा स्पीकर हे नंतर बाजारातून आणा, स्क्रूवर बसवा, कंटाळा आला की काढा.

वेळ संपत आलीय. समोरून दोन हात वर दिसताहेत. जुन्या इमारतीच्या गच्चीवर काय करता येईल, हाच प्रश्न असणार. घेऊया.